रेघ कुणाची?

दुपारी काहीच दिसणार नाही, ऊन कललं की या, असा निरोप त्या बाईंनी मुलीकडे दिला होता. मला हे वेगळं सांगायला नको होतं. बत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून नोकरी केली. भर दुपारी सपाट दिसणारं रान सकाळी सातला पाहिलं तर जुना मोडलेला बांध सावलीनं आपोआप वर येतो, हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका शिपायानं शिकवलं होतं.

पण हे रान माझ्या ओळखीचं नव्हतं. मुलगी टेनेरिफेला असते, ला लागुना गावात. दुर्बिणींना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची ही बेटं स्पेनची. ला लागुनात धुकं आणि गारठा, अगदी श्रावणातल्या महाबळेश्वरसारखा, आणि तासाभरावर दक्षिणेला गेलं की निवडुंग, ऊन आणि कोरडे ओढे. ओढ्याला तिथं बारांको म्हणतात. अशाच एका बारांकोच्या काठानं रविवारी फिरत असताना मला तो दगड दिसला. गुडघाभर उंचीचा, काळा, वरून सपाट. वर रेघा. एक तर चक्क दोन वेढ्यांची चकली. मी मुलीला हाक मारली. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि ओळखीच्या एका पुरातत्त्वज्ञ बाईंना पाठवला. बाईंचं उत्तर तासाभरात आलं: हात लावू नका, पाणी टाकू नका, खडूनं गिरवू नका, आणि फोटो कुठे टाकू नका. जागेचा पत्ता म्हणून मीही इथे लिहीत नाहीये.

कॅनरी बेटांवर स्पॅनिश लोक यायच्या आधी जे लोक राहत, त्यांना सरसकट ग्वांचे म्हणायची पद्धत आहे. खरं तर ग्वांचे फक्त टेनेरिफेचे. ला पाल्मावरचे आवारिता, एल इएरोवरचे बिंबाचे, लांझारोते आणि फुएर्तेव्हेंतुरावरचे माहो. सगळे मूळचे उत्तर आफ्रिकेतले अमाझिग, म्हणजे ज्यांना जग बर्बर म्हणतं ते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत इथे येऊन वसलेले. सोबत शेळ्या, मेंढ्या, डुकरं, सातू. बेटं ज्वालामुखीची, त्यामुळे धातूचं खनिजच नाही. हजारेक वर्षं या माणसांनी बसाल्ट आणि काचदगडावर भागवलं. सातू भाजून दळून खात. त्याला गोफियो म्हणतात आणि आजही तिथल्या प्रत्येक दुकानात त्याची पाकिटं मिळतात. मुलीनं पहिल्या दिवशी दुधात कालवून दिलं तेव्हा मी म्हटलं, अगं हे तर आपलं सातूचं पीठ. 1402 साली लांझारोतेपासून बेटं जिंकायला सुरुवात झाली आणि 1496 मध्ये टेनेरिफे पडलं. चौऱ्याण्णव वर्षांत सात बेटं. भाषा पुढे हळूहळू मेली. गावांची, ओढ्यांची, डोंगरांची नावं तेवढी उरली.

जिंकल्यानंतर जमिनी वाटल्या गेल्या. त्या वाटपाच्या नोंदींना ‘दातास’ म्हणतात आणि त्यात अमक्या ओढ्यापासून तमक्या गुहेपर्यंत अशा हद्दी लिहिलेल्या आहेत. मुलीनं हे सांगितलं तेव्हा माझे कान टवकारले. हरलेल्या माणसांच्या गुहा जिंकलेल्यांच्या सातबाऱ्यावर खुणा म्हणून शिल्लक राहिल्या! बायकोनं विचारलं, सुटीवर आला आहात की मोजणीला?

तर दगड. बेटांवरच्या कोरीव रेघांची पहिली नोंद 1752 ची. ला पाल्मावर माझो गावाजवळ बेलमाको नावाची गुहा आहे, तिथल्या दगडांवर वळणावळणाच्या, एकात एक गुंतलेल्या रेघा एका लष्करी अधिकाऱ्यानं पाहिल्या. त्या वेळचे सर्वांत मोठे इतिहासकार होसे दे व्हिएरा इ क्लाव्हिहो यांनी त्या निव्वळ गिरगोट्या ठरवल्या, योगायोगाचा किंवा रानटी माणसांच्या लहरीचा खेळ. विद्वान माणूस, पाद्री, बेटांचा इतिहास लिहिणारा. दगडांची नोंद पुढ्यात आली आणि त्यानं ती बाजूला सारली. मग शंभरएक वर्षं गेली. 1873 मध्ये आकिलिनो पाद्रोन या दुसऱ्या पाद्र्यानं एल इएरोच्या दक्षिण उतारावर, एल हुलान भागात, लाव्हाच्या गुळगुळीत पट्ट्यांवर खोदलेल्या खुणा जगापुढे आणल्या. त्यात वर्तुळं होती, नागमोडी रेघा होत्या, आणि उभ्या ओळींत लिहिलेली अक्षरंही होती. लिबिको-बर्बर लिपी. सहारात आजही तुआरेग लोक जी तिफिनाग लिपी वापरतात तिची आजी म्हणा.

त्या जागेचं नाव ‘लोस लेत्रेरोस’. लेत्रेरो म्हणजे पाटी, लिहिलेला फलक. ग्रान कानारियावरच्या बालोस दरीतल्या अशाच खडकाचं नावही ‘लोमो दे लोस लेत्रेरोस’, पाट्यांची डोंगरसोंड. शोध लावणाऱ्याचं नाव पुस्तकात जातं, पण जागेला नाव शेळ्या चारणाऱ्यांनी दिलेलं असतं आणि ते नाव काय ते स्पष्ट सांगत असतं. मोजणीत आम्हाला ‘देवीचा माळ’, ‘गढीचं शेत’ अशी नावं भेटायची. नावापुरतीसुद्धा गढी नसायची तिथे. पण नांगर खोल गेला की विटा वर यायच्या.

टेनेरिफेवर मात्र कोरीव काम नाहीच, असं अगदी 1980 च्या दशकापर्यंत धरून चालले होते. ला पाल्मावर इतकं, एल इएरोवर इतकं, आणि सर्वांत मोठ्या बेटावर काही नाही! मग ग्विया दे इसोरा भागात आरिपे इथे खडकावर ओरखडून काढलेल्या माणसांच्या आकृती सापडल्या, आणि त्यानंतर जिथे तिथे सापडू लागलं. हे मला फार ओळखीचं वाटतं. नाही म्हणून ठरवलं की दिसत नाही. आहे म्हणून ठरवलं की दिसतंच दिसतं, आणि त्यातून वेगळे घोळ होतात.

1992 साली एल तांके गावाजवळ माशासारख्या आकाराचा एक दगड मिळाला. त्यावर अक्षरं होती आणि ती ‘झनाता’ अशी वाचली गेली. झेनाता हा बर्बरांचा एक मोठा जमातसमूह. म्हणजे आलो कुठून याचा जणू शिक्कामोर्तब केलेला दाखलाच. दगड संग्रहालयात गेला, त्यावर पुस्तक निघालं, आणि तज्ज्ञांनी तो खराच आहे का यावर जी भांडणं सुरू केली ती शमली नाहीत. सगळ्यांना जे हवं होतं नेमकं तेच त्या दगडावर लिहिलेलं होतं, ही त्याची खरी अडचण. आमच्याकडेही ज्याच्या बाजूचा निकाल त्याच्याच घरातून जुना कागद निघाला की साहेब आधी शाई बघायचे.

ग्वीमार गावातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी रचना तर जगभर गाजल्या. थोर हायरडाल नावाचा नॉर्वेचा संशोधक, तोच तो कोन-टिकी तराफ्यावरून पॅसिफिक ओलांडणारा, त्यानं त्यांना पिरॅमिड म्हटलं. ला लागुना विद्यापीठानं 1991 ते 1998 दरम्यान तिथे उत्खनन केलं आणि दगडांखाली एकोणिसाव्या शतकातल्या वस्तू मिळाल्या. शेत साफ करताना वेचलेले दगड रचून ठेवायची रीत. आपल्याकडे ताली घालतात तशातलाच प्रकार, फक्त जास्त हौसेनं. गंमत म्हणजे एका रचनेच्या कडेखाली लाव्हाची गुहा निघाली आणि तिच्यात खरोखर ग्वांचे लोकांचं सामान होतं. वरचं खोटं आणि खालचं खरं. आज तिथे तिकीट आहे. आम्ही काढलं.

पण मला ज्या जागेचा सर्वांत जास्त हेवा वाटला ती तिंदाया. फुएर्तेव्हेंतुरावरचा हा डोंगर उंचीला चारेकशे मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबात टेकडीच. पण सपाट, बोडक्या मैदानात एकटा उभा. त्याच्या माथ्याकडे खडकावर पावलं कोरलेली आहेत, तीनशेच्या आसपास. दोन दोन पावलं शेजारी, काही चौकोनी टाचांची, काहींना बोटं. आपल्याला पाऊल म्हटलं की पादुका आठवतात. इथे पावलांची दिशा महत्त्वाची. खगोलाचे अभ्यासक हुआन आंतोनियो बेलमोंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिशा मोजल्या. बरीच पावलं नैर्ऋत्येकडे वळलेली निघाली, जिकडे हिवाळ्यात सूर्य सर्वांत दक्षिणेला जाऊन मावळतो. आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच बाजूला समुद्रापलीकडे ग्रान कानारिया आणि त्याच्याही मागे टेनेरिफेवरचा 3,715 मीटर उंचीचा तेइदे डोंगर दिसतो. होकायंत्र लावून पावलांचे कोन मोजणं! मला कुणी हे काम बिनपगारी दिलं असतं तरी केलं असतं.

या डोंगराच्या पोटात पन्नास मीटर लांबी-रुंदी-उंचीची घनाकृती पोकळी कोरायची, असा प्रकल्प बास्क शिल्पकार एदुआर्दो चिलिदा यांनी मांडला होता. आत उजेड यावा, माणसाला आपण किती लहान ते कळावं, अशी कल्पना. डोंगराच्या अंगावर आधीच दगडाच्या खाणी लागलेल्या होत्या. चिलिदा 2002 मध्ये गेले. वाद मागे राहिला. एका बाजूला वरच्या पावलांची काळजी करणारे, दुसऱ्या बाजूला पोकळीला शिल्प म्हणणारे. चिलिदा मोठा कलावंत होता यात शंका नाही, पण ज्याच्या छपरावर लोकांनी पावलं काढून ठेवलीत त्या घराला आतून पोखरू नये, एवढं मला कळतं.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर एक पिशवी, तिच्यात कॅमेरा, सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी, दोन टॉर्च आणि एक पातळ फळी. फळी कशाला, तर गुडघे टेकायला. मला बाई आवडल्या. त्यांनी आधी दगडाकडे पाहिलंच नाही. आजूबाजूला पाहिलं. ओढ्यात उतरायची वाट कुठे, पाणी कुठे साचत असेल, शेळ्या कुठून जातात, वरून काय दिसतं. मग उतारावरून खाली चालत गेल्या आणि येताना हातात काही नव्हतं, पण एका ठिकाणी त्यांनी काडी रोवून ठेवली होती. तिथे खापराचा तुकडा पडला होता. मी म्हटलं, झालं तर मग! मुलीनं भाषांतर केल्यावर त्या हसल्या. ग्वांचे लोकांकडे कुंभाराचं चाक नव्हतं, मडकी हातानं वळत. हा तुकडाही हातानं वळलेलाच आहे. पण स्पॅनिश आल्यानंतरही बेटांवरच्या बायका विसाव्या शतकापर्यंत चाकाशिवायच मडकी करत राहिल्या. तुकडा काडीजवळच राहिला.

मग टॉर्च. एकीनं टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, दुसरीनं फोटो काढायचा, मग टॉर्च वीतभर सरकवायचा. असे दगडाभोवती पूर्ण फेरीचे फोटो. नंतर संगणकावर त्यांतून दगडाचा उंचसखलपणा बांधता येतो. पूर्वी रेघांत खडू भरून फोटो काढत. खडूचा तोटा असा, की भरणारा त्याला ज्या रेघा वाटतात त्याच भरतो, आणि पुढचे लोक पन्नास वर्षं त्याचंच मत बघत राहतात. शिवाय दगड खराब होतो तो वेगळाच. प्रकाश फिरत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत दगडावर काहीतरी उगवत, मावळत होतं. दहा मिनिटांत मी तीन प्राणी आणि एक गणपती पाहिला. गणपतीचं मी कुणालाच सांगितलं नाही.

आता माझी चकली. बाई तिच्याकडे बराच वेळ भिंगातून बघत होत्या. म्हणाल्या, चकली ही ला पाल्माची. तिथे गाराफियाच्या बाजूला ला झार्सा म्हणून झऱ्याजवळचं ठिकाण आहे, खडकांवर एकात एक वेढे, दगडानं दगडावर ठोके देत देत काढलेले. इतके देखणे की एकेकाळी लोक त्यांचा संबंध थेट आयर्लंडच्या ताम्रयुगापूर्वीच्या थडग्यांशी लावत. टेनेरिफेवर चकली दिसली की आधी शंका घ्यायची. त्यांनी टॉर्च अगदी तिरका केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. ठोक्यांनी काढलेल्या रेघेत बारीक बारीक खड्ड्यांची रांग दिसायला हवी, तळ उथळ आणि गोल. इथे एकही खड्डा नव्हता. बसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सोलवटतो. एक पापुद्रा निम्मा गेला होता आणि त्याची कड वेढ्यासारखी वळली होती. माझ्या वाईत असे दगड शेकड्यांनी आहेत! आपला दख्खनचा पत्थर सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्यामानानं कालचा. टेनेरिफेवर शेवटचा लाव्हा 1909 मध्ये वाहिला. पण सोलवटतात दोघं सारखेच. मी बसाल्टात जन्म काढलेला माणूस आणि परक्या बेटावर गेल्यावर पापुद्रा ओळखता आला नाही.

बाजूच्या समांतर रेघा बारीक, खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कापाच्या. आतला दगड बाहेरच्यापेक्षा ताजा. लोखंडाच्या टोकाचं काम, बहुतेक एखाद्या धनगराचं. पण ‘बहुतेक’ हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला, कारण दगडाच्या टोकानंही बारीक रेघ ओढता येते. खळगे पाच होते. तीन तर लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांचे. उरलेले दोन, कडेला, मातीनं अर्धे भरलेले, ज्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यांच्यावर त्या थांबल्या. दोन्ही खळग्यांना जोडणारी बोटभर रुंदीची एक खाच होती. खाच खडकाच्या नैसर्गिक भेगेला काटकोनात जात होती. टेनेरिफेवर खळगे आणि त्यांना जोडणाऱ्या पन्हळी बऱ्याच ठिकाणी आहेत. दूध किंवा पाणी ओतून काही विधी होत असावेत असं मानतात. बाईंनी तिथे सर्वांत जास्त वेळ घालवला.

याचा काळ कसा काढणार, मी विचारलं. त्या म्हणाल्या, रेघेचा नाही काढता येत. दगड जुना असतो, कोरणं कधीचं ते दगड सांगत नाही. शेजारी खोदून चुलीचा कोळसा मिळाला तर कोळशाचा काळ निघतो. पण चूल पेटवणारा आणि खळगा कोरणारा एकच, हे कोळसा थोडाच सांगतो?

कोळसा म्हटल्यावर मी गप्प झालो. जुने लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा, राख, खापऱ्या पुरायचे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातसुद्धा अशा पुरायच्या वस्तूंची यादी आहे. कोळसा कुजत नाही, दगड हलवला तरी खाली राहतो. 1991 साली एका गावात दोन चुलतभावांच्या बांधाची मोजणी होती. टिपणाप्रमाणे तिसरा दगड ओढ्यापासून इतक्या साखळ्या-आण्यांवर, म्हणजे मोजणीच्या जुन्या मापांत. पण ओढ्यानं पात्र बदललेलं. संध्याकाळ होत आलेली, दोन्हीकडची माणसं उभी, कुणाच्या तरी हातात कुऱ्हाड. अर्धा पुरलेला एक दगड दिसला, एका बाजूनं घडवल्यासारखा. मी लिहिलं: जुना हद्दीचा दगड मिळाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पंचांनी सह्या केल्या. सात वर्षांनी पाइपलाइनचा चर खणताना पश्चिमेला अकरा फुटांवर दुसरा दगड निघाला. धाकटा चुलतभाऊ भांडायला आला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला कोळशाचा खडा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला.

आणि त्याच्याही आधी, 1984 मध्ये, राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर मी आठ दिवस प्लेन टेबल लावून उभा होतो. पायाखाली जांभ्यात रेघा होत्या, लांब, वळलेल्या. मला वाटलं चिरेखाणीच्या खुणा. बरोबरचा गडी म्हणाला, साहेब, ही पांडवांनी काढलेली चित्रं. मी हसलो होतो. पुढे रत्नागिरीतल्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून कातळशिल्पं शोधली, बारसू, उक्षी, कशेळी अशी नावं पेपरात येऊ लागली, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. माझ्या त्या नकाशावर त्या जागी ‘पड खडक’ लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

अंधार पडत आला होता. बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढला. तो कबिल्दोकडे जातो; कबिल्दो म्हणजे बेटाची जिल्हा परिषद म्हणा, तिथल्या वारशाची जबाबदारी त्यांच्याकडे. स्पेनच्या 1985 च्या कायद्यानं खडकावरच्या अशा प्राचीन कोरीव जागांना आपोआप संरक्षण मिळतं, वेगळा ठराव लागत नाही. म्हणजे बाईंच्या एका शब्दावर शेजारच्या जमिनीचं काय होणार ते ठरू शकतं. वरच्या बाजूला कुणाच्या तरी केळीच्या बागेची भिंत दिसत होती. मी त्या भिंतीकडे बघितलं, बाईंनीही बघितलं.

त्यांनी प्रत्येक खुणेची वेगळी ओळ केली. चकलीसमोर ‘नैसर्गिक’. रेघांसमोर ‘ऐतिहासिक, बहुधा धातूनं’. तीन खळग्यांसमोर पुन्हा ‘नैसर्गिक’. शेवटच्या ओळीत एकच शब्द. मग कागद माझ्याकडे केला. खाली ज्यानं जागा दाखवली त्याची सही लागते.

पेन घेऊन मी मुलीला म्हटलं, शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते नीट वाच.

“‘पोसिब्ले’, बाबा. असू शकेल.”

“पुढे काही?”

“काही नाही. जागा मोकळी सोडलीय.”

मी मराठीत सही केली.